हा करमळ तो करमळ नव्हे

मा. संपादक,
स. न.

बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या मागच्या आवारात करमळाचे एक झाड आहे. १९८९ साली इमारत नवी असताना माझ्या आईने ते लावले. वसईहून टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या मावशीकडून तिने करमळे घेतली होती. त्यातल्या बिया तिने तेलाच्या रिकाम्या डब्यात रुजवल्या. पाच रोपे आली, एकच जगले. गेल्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत या झाडाच्या खालच्या सगळ्या फांद्या कापून टाकण्यात आल्या. ज्या गैरसमजातून हे घडले, तो आमच्या आवारापुरताच असेल असे मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

छाटणीआधीच्या सभेत एका सदस्याने मोबाइलवर शोधून वाचून दाखवले की करमळ पन्नास फुटांपर्यंत वाढतो, त्याची फळे मोठी आणि जड असतात. खाली गाड्या उभ्या असतात, मुले खेळतात. लोकांना धास्ती वाटणे साहजिक होते. वाचलेली माहिती चूक नव्हती, पण ती दुसऱ्याच झाडाची होती. मराठीत करमळ हे नाव दोन वेगळ्या झाडांना आहे. एक रानातला, ज्याला शास्त्रज्ञ डिलेनिया म्हणतात. त्याचे पान एकसंध, वीतभराहून लांब, कडेला करवतीसारखे दाते आणि समांतर शिरा इतक्या उठावदार की पान चुणीदार दिसते. दुसरा आपल्या ओळखीचा, पाच धारांच्या आंबटगोड फळांचा. शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळायचा तो. हिंदी भाषक त्याला कमरख म्हणतात, मॉलमध्ये तो स्टार फ्रूट होतो. कुंडीत आपोआप उगवणाऱ्या आंबुशीच्या कुळातला हा. याच्या पानाला मधल्या दांड्यावर पाच ते अकरा लहान पर्णिका असतात आणि संध्याकाळ झाली की त्या खाली मिटतात. आमच्या इमारतीतली मुले ते बघायला मुद्दाम थांबत.

मी चौतीस वर्षे आरेखक म्हणून नोकरी केली. मोजमाप केल्याशिवाय काही मांडायचे नाही, ही त्या कामाची शिस्त. छाटणीच्या आधी या झाडाची उंची मी सावलीवरून काढून ठेवली होती. ती २२ फूट भरली. फांद्यांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० फूट. पहिली फांदी जमिनीपासून अवघ्या अडीच फुटांवर फुटलेली. पस्तीस वर्षांची ही वाढ आहे. या जातीचे झाड एरवीही सावकाश वाढते आणि साधारण वीस ते तीस फुटांत थांबते. पलीकडचा गुलमोहोर आमच्या करमळानंतर लावलेला, तो चौथ्या मजल्याच्या वर गेला आहे. दोन वर्षांपूर्वी पावसात त्याची मोठी फांदी पडली. करमळाची कधी पडली नाही.

करमळाचा बांधाच मुळी वेगळा. सरळ उंच खोड नाही. बुंधा आखूड, त्याला खालपासूनच फांद्या, त्या दाट आणि टोकाला झुकलेल्या. लांबून पाहिले तर हिरवा गोल डेरा. जांभळट गुलाबी फुलांचे बारके झुबके शेंड्यांपुरते नसतात, जुन्या जाड फांद्यांवर, कधी थेट खोडावरही येतात. त्यामुळे फळ आतल्या सावलीत, हाताशी लागते. आई शेवटपर्यंत स्टुलावर न चढता आमटीपुरती करमळे काढून आणायची.

छाटणीला माझा विरोध नाही. व्यापारी बागांमध्ये हे झाड शेंडे मारून बारा फुटांच्या आतही ठेवतात. आमच्याकडे नेमके उलटे झाले. गाड्यांना जागा हवी म्हणून सात फुटांपर्यंतचे सगळे कापले आणि शेंडा तसाच सोडला. आता सगळे वजन वर गेले आहे. वाऱ्यात झाड पूर्वी हलत नव्हते इतके हलते. डेऱ्याने झाकलेले खोड उघडे पडले आणि पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूने साल फाटू लागली आहे. पावसाळा सरताना येणाऱ्या बहराला दरवर्षी आम्ही शेजारीपाजारी पिशव्या भरून वाटायचो. यंदा सात फळे मिळाली.

याच झाडावर मी स्वतः एक पाटी लावली आहे, तिचा मजकूर इथेही देतो: मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी करमळ खाऊ नये, रसही घेऊ नये. निरोगी माणसाला चार फोडी बाधत नाहीत, पण निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला यातले ऑक्झॅलेट आणि मेंदूवर परिणाम करणारे एक द्रव्य बाहेर टाकता येत नाही. न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके, आणि कधी मृत्यूही. आमच्या मजल्यावर डायलिसिसवर असलेले एक काका आहेत. झाड ठेवायचे तर हे सांगणेही आमचेच काम आहे.

महाराष्ट्रात १९७५पासून शहरांतल्या झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि खासगी आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगीच्या अर्जावर झाडाचे नाव लिहितो, तेव्हा त्यापुढे शास्त्रीय नावही असावे, एवढीच माझी मागणी आहे. सोसायट्यांनी छाटणीच्या दिवशी झाड ओळखणारे कोणी तरी खाली उभे करावे. करमळाचा शेंडा आवरा, खालच्या फांद्या राखा, बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा.

आणि आपणास एक विनंती. या पत्राबरोबर दोन्ही करमळांच्या पानांची रेखाचित्रे मी स्वतः काढून पाठवत आहे. जागा असेल तर ती शेजारी शेजारी छापावीत. पुढच्या महिन्यात आमची सभा आहे, ते कात्रण मला तिथे दाखवायचे आहे.

– एक निवृत्त आरेखक, बोरिवली (पूर्व), मुंबई