भूकंपाची रंगीत तालीम आधी नेत्यांनी करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का बसला की दुसऱ्या दिवशी आपल्यासह सगळ्या वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी येते. केंद्रबिंदू हेळवाकपासून अमुक किलोमीटरवर, खोली अमुक, आणि शेवटचे वाक्य ठरलेले : धरण पूर्णपणे सुरक्षित आहे. असेलही. त्यावर शंका काढण्याइतके त्यातले मला कळत नाही. मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे मला पडणारा प्रश्न खात्यातला आहे. सौम्य नव्हे, मोठा धक्का बसला तर पहिल्या सहा तासांत सातारा-सांगलीत कोण कोणाला हुकूम देणार?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी बसलेला धक्का ६.३ तीव्रतेचा होता. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगर जमीनदोस्त झाले आणि वीजनिर्मिती थांबून मुंबईतले दिवे गेले. तेव्हा घरे दगडमातीची होती. आज पाटण, कराडला खाली पार्किंग आणि वर चार मजले अशा इमारती उभ्या आहेत, त्यांतल्या किती भूकंपाचा विचार करून बांधल्या ते बांधणाऱ्यालाच माहीत. वारणा धरण भरू लागल्यापासून धक्के दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूलाही सरकले. म्हणजे हा विषय पाटण तालुक्यापुरता राहिलेला नाही, सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याचाही आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने उतरंड लावून दिली आहे. देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या मुख्यमंत्री, जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी आणि त्यांच्या जोडीला सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कागद उत्तम आहे. पण त्या कागदात एक गृहीत दडले आहे, की धक्क्यानंतर ही सगळी मंडळी जागेवर, शुद्धीवर आणि फोनच्या टप्प्यात असतील. एका तालुक्याच्या कार्यालयात मी उपग्रह फोन पाहिला आहे. कपाटात होता, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. त्याच कार्यालयातल्या आपत्ती आराखड्याच्या मागे जोडलेल्या दूरध्वनी यादीतले दोघे निवृत्त झालेले आणि एक वारलेले होते. बदल्या होतात, याद्या तशाच राहतात.

रंगीत तालीम होत नाही असे नाही. सकाळी अकराला, पूर्वसूचना देऊन, कार्यालयाच्या आवारात होते. एक होमगार्ड जखमी होतो, त्याला स्ट्रेचरवरून नेतात, अग्निशमनची गाडी एकदा भोंगा वाजवते, चहा होतो आणि फोटो आपल्याकडे येतो. या तालमीत निर्णय घेणारा माणूस कुठेच नसतो. तो उद्घाटनाला असतो. खालच्या माणसाला स्ट्रेचर उचलता येते, ते त्याला पुन्हा शिकवायची गरज नाही. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जलसंपदा आणि महावितरणचे अधीक्षक अभियंते, जिल्हा शल्यचिकित्सक यांनी एका टेबलाभोवती बसून, हातात अपुरी आणि परस्परविरोधी माहिती असताना निर्णय घेण्याची सवय कधी केली आहे का? पाटणचा रस्ता तुटला, कराडच्या रुग्णालयाला तडे गेले, वीज नाही, आणि दोन आमदार एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गावांना जेसीबी मागताहेत. आधी कुठे पाठवायचा? हे त्या रात्री ठरवायला बसलो तर सकाळ होईल.

जपानमध्ये दरवर्षी १ सप्टेंबरला पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ स्वतः तालमीत उतरतात. १९२३ च्या कांतो भूकंपाची ती तारीख. त्याच जपानचा १९९५ सालचा कोबेचा अनुभव मात्र कडू आहे. सैन्यदलाला बोलावण्याची विनंती प्रांताच्या राज्यपालांकडून जायची होती, ती जायला काही तास गेले, आणि टोकियोत पंतप्रधानांनाही नेमके काय झाले ते उशिरा उमगले. ६,४०० हून अधिक माणसे गेली. ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले त्यांतले बहुतेक घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले. त्यानंतर त्यांनी नियम बदलले, पंतप्रधानांच्या कार्यालयात चोवीस तास जागी राहणारी यंत्रणा उभी केली. सैन्य कोणाच्या सहीने येणार, हा प्रश्न ढिगाऱ्याशेजारी उभे राहून सोडवायचा नसतो हे त्यांना एवढी किंमत मोजून कळले.

आपल्याकडे दाखला किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मुख्यमंत्री शरद पवार विसर्जन पार पडेपर्यंत जागेच होते. हादरा जाणवल्यावर त्यांना पहिली शंका आली ती कोयनेची, आणि कोयनेला फोन केल्यावर केंद्र किल्लारीकडे असल्याचे समजले, असे त्यांनीच सांगितले आहे. सकाळीच ते तिथे पोहोचले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. पंतप्रधान नरसिंह राव यांना त्यांनी लगेच येऊ नका अशी विनंती केली, कारण यंत्रणा बंदोबस्तात अडकली असती. २०२१ च्या पुरात पुढाऱ्यांनी दौरे टाळावेत असे सांगताना त्यांनी हाच दाखला दिला होता. किती जणांनी ऐकले ते आपल्या छायाचित्रकारांना विचारा. इकडे कोयनेला कुंभार्ली घाटाच्या अलीकडे एकच रस्ता, त्यावर रुग्णवाहिकेने जायचे की ताफ्याने? पालकमंत्र्यांनी पहिले दोन दिवस जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसून राहावे, हेच त्यांचे काम, असे आराखड्यातच लिहिले पाहिजे.

बाहेरून मदत किती वेळात येईल याचाही हिशेब कोणी मांडत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या तळेगावहून येणार. खंबाटकी, मग कराड, मग पाटण, तेही रस्ते शाबूत असतील तर. राज्य दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा रस्ते बंद असले की काय होते ते पाटण तालुक्याने पाहिले आहे.

मग जवळ काय आहे? साखर कारखाने. क्रेन, गॅस कटर, वेल्डर, पाण्याचे टँकर, शेकडो ट्रॅक्टर, स्वतःची वीज, आणि डिसेंबरात तर गाळप हंगाम असल्यामुळे हे सगळे चालू स्थितीत. दोन्ही जिल्ह्यांत मोठी यंत्रसामग्री आणि मोठे पुढारी एकाच खुर्चीत सापडतात, ही आपली एरवीची तक्रार, पण इथे सोय आहे. प्रत्येक कारखान्याशी लेखी करार हवा : धक्का बसला की कोणाच्या फोनची वाट न पाहता अमुक क्रेन अमुक गावाला निघणार, डिझेलचे पैसे अमुक खात्यातून मिळणार. पैशाचे मुद्दाम लिहितो. २०१९ च्या महापुरात स्वतःच्या खिशातून डिझेल घालून राबलेला आमच्या भागातला एक जेसीबीवाला पुढे दोन वर्षे बिलासाठी टेबले झिजवत होता. पुढच्या वेळी तो येईल, माणूस तसा आहे. पण त्याचे बघून दुसरा येणार नाही.

सांगलीकरांचा प्रश्न निराळा. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखालून जाते. मोठ्या धक्क्यानंतर धरण शाबूत असले तरी ‘धरण फुटले’ हा निरोप व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत सांगलीत पोहोचेल, आणि अंधारात हजारो माणसे गाड्या काढून रस्त्यावर येतील. पानशेत धरण फुटल्याची गोष्ट ज्यांच्या घरात सांगितली जाते त्यांना ती धास्ती समजावून सांगावी लागत नाही. त्या वेळी खरे काय ते कोण सांगणार? धरणावरचा अभियंता, साताऱ्याचे जिल्हाधिकारी, सांगलीचे, की मुंबईतले मंत्री? चौघे चार गोष्टी बोलले तर लोक पाचव्यावर विश्वास ठेवतील. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात प्रत्येक मोठ्या धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा सांगितला आहे. कोयनेच्या आणि वारणेच्या आराखड्यातला लोकांना लागणारा भाग, म्हणजे इशारा कोण देणार, तो कसा ओळखायचा आणि कोणत्या बाजूने उंचावर जायचे, नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

माझी मागणी एवढीच, की या ११ डिसेंबरला पहाटे चारला, आगाऊ न कळवता, दोन्ही जिल्ह्यांची एकत्र तालीम घ्यावी. रत्नागिरीलाही बोलवावे, पोफळीचे वीजगृह तिकडे आहे. मोबाईल बंद आहेत असे धरावे. जिल्हाधिकारी सापडत नाहीत असेही एका वर्षी धरावे, म्हणजे त्यांच्या जागी कोण ते कळेल. पालकमंत्र्यांनी भाषण न करता टेबलाशी बसावे. पोलीस पाटील आणि ‘आपदा मित्र’ म्हणून शिकवून ठेवलेल्या पोरांना खरेच निरोप पोहोचतो का ते तपासावे, महाबळेश्वरच्या ट्रेकर मंडळींना सोबत घ्यावे. आंबेनळी घाटात २०१८ मध्ये बस कोसळली तेव्हा दरीत उतरायला तीच पुढे होती. आणि तालीम संपल्यावर कुठे किती वेळ लागला, कोण आले नाही, कोणता क्रमांक लागला नाही, हे दोन पानांचे टिपण आठ दिवसांत दोन्ही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकावे. ते आले नाही तर आपण माहितीच्या अधिकारात मागवून छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त महसूल कर्मचारी, पाटण, जि. सातारा