शाकारणी करणाऱ्या मामांचे जाहीर आभार

मामा, स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस लागला, तरी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या कौलारू घरांत यंदा एकही पातेलं गळतीखाली मांडावं लागलं नाही. ते तुमच्यामुळं. म्हणून हे उघड पत्र, बाकीच्या कौलारू घरवाल्यांनीही वाचावं असं.

वळीव यायच्या आत शाकारणी, म्हणजे छपराची कौलं नीट करून पुन्हा बसवणं, उरकायची, हा तुमचा हट्ट. शिडी लावण्याआधी तुम्ही भर दुपारी माळ्यावर चढलात, दिवे घालवायला लावलेत आणि जिथून उजेडाची तिरीप आली तिथं वाशावर खडूनं खूण केलीत. पाणी टपकतं तिथंच शिरलेलं असतं असं नाही. ते वाशावरून ओघळत दोन-तीन हात खाली येतं, म्हणून शोध वर, आढ्याच्या (छपराच्या माथ्याच्या) बाजूला घ्यायचा.

फुटकं कौल कुणीही बदलतं. तुम्ही कौलं कशामुळं घसरली ते पाहिलंत. एक कौल उलटं करून दाखवलंत, तर रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकणारी मागची टाचच झडलेली! गगनबावड्याकडचा पाऊस झोडपतो त्या पश्चिमेच्या पाख्यात (छपराच्या उतारात) तर रीपच वाळवीनं पोकळ, दाभण निम्मं आत गेलं. तिथं नवं कौल घालून काय टिकणार? रिपा बदलताना मधलं अंतर साडेबारा इंच, एकाच लाकडी ठोकळ्यानं मापून घेतलंत.

प्रत्येक कौल वाजवलंत. खणखणीत ते वर, बद्द वाजलं ते बाजूला. मागचा छाप जुळवूनच नवी आणायला सांगितलीत, कारण वेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि वाऱ्यासरशी पाणी आत येतं. चौरस मीटरला साधारण 15 कौलं, वर शंभरामागं 5 जादा. पन्हळीला दहा फुटांत एक इंच उतार.

कोन्यांवर, म्हणजे आढ्यावरच्या कौलांवर, सिमेंट थापू दिलं नाहीत, याचे आभार वेगळे. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. ताठ सिमेंट त्याला साथ देत नाही, तडकतं, आणि केसाएवढ्या तड्यातून पाणी थेट आढ्यात मुरतं. चुना-वाळूचं काम तेवढं सोसतं.

उरलेली कौलं जिन्याखाली उभी रचलीत, छाप बाहेर करून. दसऱ्यानंतर शेवाळ काढायला या. तारेचा ब्रश नको म्हणाला होतात, काथ्याचा आणून ठेवलाय.

तुमचे,
गल्लीतले घरवाले