तयार प्रॉम्प्टच्या याद्या बास झाल्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली एआयसाठी तयार प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला टाईप करून द्यायच्या सूचना, येतायत, कापून ठेवा नि वापरा टाईप. विषय घेतलात ते छानच, पण त्यातले बरेचसे "तू अनुभवी वकील आहेस, मला माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दे" असल्या धाटणीचे असतात आणि त्यातून काय बाहेर पडतं ते आम्ही वाचनालयात लोकांना आरटीआयचे अर्ज लिहायला मदत करतो तिथे बघतोय. लोक मोबाईलवरून प्रिंट काढून आणतात, दोन-दोन पानं, भाषा एकदम कडक, आणि रस्ता, पाणी, समाजमंदिर सगळं एकाच अर्जात. आता महाराष्ट्रात 2012 च्या नियमदुरुस्तीपासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा आहे. केंद्राच्या नियमात 500 आहेत, तर एआय बिनधास्त केंद्राचं धरून चालतो, वकील हो म्हटलं म्हणून आपल्याकडचा नियम त्याला आठवतोच असं नाही ना. शिवाय "रस्ता का केला नाही" असे प्रश्न. 2005 च्या कायद्यात कार्यालयाकडे जे रेकॉर्ड आहे ते मागता येतं, खुलासे नाही, म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, बिलं यांच्या प्रती मागायच्या.

हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवायची सोय आता झालीय, त्याबद्दल छापा की. ऑक्टोबर 2025 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने त्यांच्या क्लॉड या एआयसाठी 'स्किल' आणलं आणि डिसेंबरात तो फॉरमॅट इतरांनाही खुला केला. भानगड काही नाही, एक फोल्डर, त्यात स्किल डॉट एमडी नावाची साधी टेक्स्ट फाईल, वर नाव आणि वर्णन, खाली सूचना. एआय आधी फक्त ते नाव आणि वर्णन बघतो, काम तसलं वाटलं तरच आतलं उघडतो, आणि सोबतच्या फाईली लागल्या तरच वाचतो.

म्हणून खरी मेहनत वर्णनावर. "आरटीआय मदत" एवढंच लिहिलं तर दिल्लीच्या अर्जालाही तेच उघडणार. "महाराष्ट्र शासन, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्याकडे अर्ज किंवा अपील करायचं असेल तेव्हा वापर, रेल्वे-पोस्टासाठी नको" असं स्पष्ट पाहिजे. आणि आत "नेहमीचा नमुना वापर" असं लिहून चालत नाही, नव्या चॅटला नेहमीचं म्हणजे काय ते कुठून कळणार, जोडपत्र अ, म्हणजे आपल्याकडच्या अर्जाचा ठरलेला नमुना, अख्खा त्याच फोल्डरमध्ये टाकायचा. आधी काय विचारायचं तेही लिहायचं : कार्यालय कुठलं, कुठल्या काळातली माहिती, अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा आहे का, कारण मग 10 रुपये फी माफ.

अजून एक, नियमासोबत त्याचं कारणही द्या. नुसतं "150 शब्द" लिहिलं की एआय मजकूर छाटून टाकतो, त्यात कामाचा मुद्दाच उडतो. "एक विषय, म्हणून जास्त असेल तर दोन अर्ज कर" असं लिहिलं की बरोबर वेगळे करून देतो. मुदतींची फाईल आम्ही वेगळीच ठेवलीय, 30 दिवसांत उत्तर, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास, उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, फी 20 रुपये, मग दुसरं 90 दिवसांत. साध्या अर्जाच्या वेळी ती उघडायची गरजच पडत नाही. अर्जदाराचं नाव-पत्ता मात्र फाईलमध्ये कधीच ठेवायचा नाही, ही फाईल दहा जणांकडे फिरणार असते. आणि कुणी पाठवलेलं स्किल उघडून वाचल्याशिवाय घेऊ नका, त्यात चालणारा कोडसुद्धा असू शकतो.

तर विनंती एवढीच की पन्नास एकोळी प्रॉम्प्टऐवजी अशी एकच फाईल पूर्ण छापा, वर तारीख टाकून, आणि नियम बदलला की दुरुस्तीपण छापा. जागा जास्त लागेल हे मान्य, पण राशिभविष्याला अर्धं पान देताच की.

– एक वाचक, सातारा