‘जुळवलेली जोडी’ म्हणून पाठवलेल्या दोन न जुळणाऱ्या ॲक्च्युएटरबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

गिरगाव, मुंबई
दिनांक : 6 ऑगस्ट

विषय : सदोष लिनियर ॲक्च्युएटर बदलून मिळणे, झालेल्या नुकसानीची भरपाई, आणि ‘ग्राहकाने बदल केला’ या कारणाने वॉरंटी नाकारल्याबद्दल हरकत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

9 जून रोजी मी आपल्याकडून 12 व्होल्टच्या लिनियर ॲक्च्युएटरची (मोटारीने सरळ रेषेत आत-बाहेर होणाऱ्या दांड्याची) एक जोडी मागवली. स्ट्रोक (दांड्याची पूर्ण चाल) 150 मिलिमीटर, जोर 300 न्यूटन, आत मोटारीचे फिरणे पल्सच्या रूपात मोजणारा हॉल सेन्सर, किंमत 7,800 रुपये. आपल्या विक्रीच्या पानावर ‘जुळवलेली जोडी’ हे शब्द ठळक अक्षरांत होते आणि वापराच्या यादीत टीव्ही लिफ्ट, कपाटाचे झाकण यांच्याबरोबर ‘संगणकाचे कॅबिनेट मॉडिंग’ (कॅबिनेट हौसेने हवे तसे बदलून बांधणे) असेही लिहिले होते. 14 जूनला जे दोन नग आले, त्यांच्यावरचे मॉडेल क्रमांकाचे लेबल एकच आहे. आतले गिअर मात्र वेगवेगळ्या प्रमाणाचे आहेत. हे मी अंदाजाने म्हणत नाही, मोजून म्हणते आहे. मोजमाप पुढे देते.

आधी काम काय होते ते सांगते, कारण आपल्या 19 जुलैच्या उत्तरावरून ते कोणी समजून घेतले असे वाटत नाही.

मी जुन्या लोखंडी टॉवर कॅबिनेटचा सांगाडा घेऊन एक नवे कॅबिनेट बांधते आहे. संगणक सुरू केला की वरचे झाकण उचलले जाईल आणि मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्ड बसवलेला आतला ट्रे 150 मिलिमीटर वर येईल. बंद केला की सगळे परत आत. आमच्या चाळीतल्या गणपतीच्या देखाव्याचा आवाज आणि दिवे हाच संगणक चालवणार आहे, आणि यंदा तो स्वतःच देखाव्याचा भाग असावा अशी माझी इच्छा आहे. माझ्या वडिलांनी ऐन उमेदीची पंचवीस वर्षे मंडळांसाठी चलचित्रे केली. गाडीच्या वायपरची मोटार, सायकलची चेन आणि लाकडी फळ्या एवढ्या सामानावर त्यांनी गरुड उडवले आणि कालिया डोलवला. त्यांच्या हाताखाली मी वाढले. पत्रा कापणे, कानस मारणे, आटे पाडणे या गोष्टी मला शाळेच्या आधी आल्या.

या कॅबिनेटवर माझे चार महिन्यांचे रविवार गेले आहेत. 2 मिलिमीटर ॲल्युमिनियमचा ट्रे, 5 मिलिमीटर ॲक्रिलिकच्या दोन बाजू, नागदेवीच्या बाजारातून आणलेल्या सरक्या (ट्रे सरकण्याच्या पट्ट्या) आणि बेअरिंग. ट्रे वर-खाली होताना तारा अडकू नयेत म्हणून साखळीसारखी केबल चेन. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला लांबून जोडणारी रायझर केबल, कारण कार्ड आडवे बसवायचे होते. मोटारींचा गोंगाट मदरबोर्डच्या वीजपुरवठ्यात शिरू नये म्हणून ॲक्च्युएटर संगणकाच्या एसएमपीएसवर, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या डब्यावर, घेतलेच नाहीत. त्यांना 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा दिला. उचलायचे एकूण वजन काट्यावर 6.4 किलो भरले. आपल्या पत्रकाप्रमाणे एक ॲक्च्युएटर एकटा साधारण 30 किलो उचलतो, म्हणजे जास्त वजनाचा प्रश्न येत नाही. 20 टक्के ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळेच्या पाचव्या भागापुरतेच चालवण्याची मर्यादा, हीही पाळली: 15 सेकंद चालवले की 60 सेकंद विश्रांती.

बाबांचा एक नियम होता : एक फळी दोन मोटारींवर उचलायची नाही. मोटार एकच लावायची आणि चेनने दोन्ही बाजू ओढायच्या, म्हणजे एक बाजू मागे राहूच शकत नाही. या कॅबिनेटमध्ये चेन फिरवायला जागा नव्हती. तरी मी बराच काळ अडून बसले होते. आपल्या पानावरचे ‘जुळवलेली जोडी’ हे शब्द वाचून मी तो नियम मोडला.

22 जूनला पहिली चाचणी घेतली. सुदैवाने खरे ग्राफिक्स कार्ड लावले नव्हते. वजनासाठी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले एक बंद पडलेले कार्ड होते. दोन्ही बाजू बरोबरीने चढाव्यात म्हणून कंट्रोलर दोन्ही ॲक्च्युएटरचे पल्स मोजत होता आणि जो पुढे जाईल त्याला थांबवत होता. आपल्या पत्रकात एका मिलिमीटरला 16 पल्स असे दिले आहे. बसवण्याआधी मी एक नग मोकळा चालवून पाहिला होता, त्याचे 150 मिलिमीटरला बरोबर 2,400 पल्स भरले. दुसरा मोकळा चालवून पाहिला नाही, कारण तो त्याचाच जोडीदार आहे असे आपण लिहून दिले होते.

साधारण आठव्या सेकंदाला खाटेवर बसलेले बाबा ओरडले, ‘‘डावी बाजू मागे राहते आहे, बंद कर!’’ मी लाल बटण दाबले तेव्हा उजवी बाजू 75 मिलिमीटर चढलेली होती आणि डावी 59. ट्रे तिरका होऊन सरकीत अडकला, उजवीकडचे ॲक्रिलिक स्क्रूच्या भोकापासून कोपऱ्यापर्यंत तडकले, आणि रायझर केबल ट्रेच्या कडेखाली चेपली गेली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कंट्रोलरच्या नोंदीत मात्र दोन्ही बाजूंना 1,200 पल्स, अगदी समान.

त्यानंतर दोन्ही नग काढून मी टेबलावर मोकळे चालवले, एकाच पुरवठ्यावर, प्रत्येकी तीन वेळा. पहिल्याने पूर्ण स्ट्रोकला 15 सेकंद घेतले, दुसऱ्याने 19. पहिल्याचे पल्स 2,400, दुसऱ्याचे 3,040. तारांची अदलाबदल करून पाहिली. हळू चालणारा नग कोणत्याही तारेवर हळूच चालला. आता हे आकडे आपल्या तंत्रज्ञाला दाखवा. 2,400 ला 15 ने भागा, 3,040 ला 19 ने भागा. दोन्हीकडे सेकंदाला 160 पल्स येतात. म्हणजे दोन्ही मोटारी एकाच वेगाने फिरतात. सेन्सर मोटारीच्या आसाबरोबर मोजतो, त्यामुळे वजन कितीही असो वा व्होल्टेज थोडे कमी-जास्त असो, तेवढेच अंतर कापायला लागणारे पल्स बदलत नाहीत. एकाला जिथे मिलिमीटरमागे 16 पल्स लागतात तिथे दुसऱ्याला 20 च्या वर लागत असतील, तर मोटार आणि स्क्रू यांच्यामधले गिअर वेगळे आहेत. हा झिजेचा किंवा वापराचा परिणाम असू शकत नाही. कारखान्यात किंवा गोदामात दोन वेगळे माल एका लेबलाखाली मिसळले आहेत.

हे सगळे मी 29 जूनला मोजमापांसह लिहून कळवले. तक्रार मिळाल्याची पोच 11 जुलैला आली. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ती 48 तासांत यायला हवी होती. आणि 19 जुलैचे उत्तर तीन वाक्यांचे : उत्पादन ग्राहकाने बदल केलेल्या यंत्रणेत वापरल्याने वॉरंटी लागू नाही, दोन्ही बाजूंचा मेळ सॉफ्टवेअरने राखणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.

पहिल्या वाक्याबद्दल माझी तीव्र हरकत आहे. बदल मी माझ्या कॅबिनेटमध्ये केला, आपल्या ॲक्च्युएटरमध्ये नाही. त्यांचा एकही स्क्रू मी फिरवलेला नाही, आपले सील जसेच्या तसे आहे. ज्या कामासाठी वस्तू विकली तेच काम केले म्हणून वॉरंटी जाते, हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मॉडिंग करणारा माणूस कापतो, जोडतो, भोके पाडतो. आपण त्याच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून जाहिरात केली. मग अडचण आल्यावर त्याच शब्दाचा दोष कसा होतो?

दुसऱ्याबद्दल : मेळ सॉफ्टवेअरनेच राखला होता, आपण छापलेला आकडा खरा मानून. आकडाच खोटा निघाल्यावर प्रोग्रॅमने काय करावे? दुसऱ्या नगासाठी मी वेगळा आकडा घालू शकते, तेवढे मला येते. पण मग चांगल्या नगाला कायम मंद नगाच्या चालीने चालावे लागेल, आणि उद्या एक बिघडला तर बदली म्हणून यातला कोणता येईल हे आपणही सांगू शकणार नाही. मी जोडीचे पैसे दिले आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दोषाची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जात असलेली उणीवही येते. ‘जुळवलेली’ हा दावा आपला आहे आणि 16 हा आकडाही आपलाच.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. दोन्ही नग परत घेऊन एकाच गिअर-प्रमाणाचे दोन नग द्यावेत आणि पाठवण्याआधी प्रत्येकाचे पूर्ण स्ट्रोकचे पल्स मोजून तो आकडा त्यावर लिहावा. ॲक्रिलिक पुन्हा कापून घ्यायला 2,350 रुपये आणि नव्या रायझर केबलला 3,200 रुपये लागले आहेत. ते 5,550 रुपये मिळावेत. पावत्या, चाचणीचे चित्रीकरण आणि मोजमापांचा तक्ता सोबत जोडला आहे.

आणि एक गोष्ट भरपाईच्या पलीकडची आहे, ती कृपया नुसती वाचून सोडू नका. याच लेबलाचे नग आपण टीव्ही लिफ्टसाठी विकता. माझ्याकडे तडकले ते ॲक्रिलिक होते. कोणाच्या घरी पलंगाच्या पायथ्याशी मोठा टीव्ही असाच एका बाजूने तिरका होऊ शकतो, आणि त्या माणसाकडे ना पल्स मोजायचे साधन असेल ना लाल बटण. गोदामातला शिल्लक माल तपासून घ्या आणि ज्यांना जोड्या गेल्या आहेत त्यांना कळवा. हे काम एका माणसाचे आणि एका स्टॉपवॉचचे आहे.

नियमाने तक्रार निवारणाला असलेली एक महिन्याची मुदत संपून गेली आहे. 20 ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन आणि मी मुंबईत राहत असल्याने इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मला तिथे जायचे नाही. मला गणपतीच्या आधी हे काम पुरे करायचे आहे.

आपला तंत्रज्ञ कोणत्याही रविवारी येऊन पाहू शकतो. दोन्ही नग टेबलावर जोडून ठेवले आहेत, स्टॉपवॉच शेजारीच आहे. बाबाही घरीच असतात, त्यांनाही विचारता येईल.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी आपल्याकडील ऑर्डरच्या नोंदीत आहेत)