पाणीपट्टी ठरवणारा आणि ती तपासणारा

प्रिय वसंत,
स. न. वि. वि.

नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा व जलनिस्सारण समितीवर तुझी निवड झाल्याचे वाचून फार आनंद झाला. पाण्यासाठी नियामक नेमला की त्याच्या पाठोपाठ खासगीकरण येतेच, असे तू ठामपणे लिहिले आहेस. मला ते पटत नाही. ज्या देशाने खासगीकरण नाकारले आणि तरीही कडक नियामक नेमला, त्या स्कॉटलंडची हकीकत म्हणून तुला कळवावीशी वाटते.

१९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली दहा प्रादेशिक जलप्राधिकरणे कंपन्या करून विकली गेली आणि त्यांच्या दरांवर लक्ष ठेवण्यासाठी 'ऑफवॉट' हे कार्यालय उभे राहिले. स्कॉटलंडवरही तीच वेळ येणार असे दिसू लागले, तेव्हा १९९४ मध्ये स्ट्रॅथक्लाइडच्या प्रादेशिक परिषदेने टपालाने जनमत घेतले. ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी भाग घेतला आणि त्यांतल्या ९७ टक्क्यांनी विरोधात कौल दिला. पाणी सार्वजनिक मालकीचेच राहिले. २००२ मध्ये तिथल्या तीन प्राधिकरणांचे मिळून 'स्कॉटिश वॉटर' झाले.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. संस्था आपलीच आहे म्हणून तिच्या शब्दावर विसंबून राहायचे, असे त्यांनी केले नाही. पाणी आणि मैलापाणी यांची व्यवस्था कशी असावी हे मंत्री ठरवतात. ती उद्दिष्टे कमीत कमी वाजवी खर्चात पुरी करायला किती पाणीपट्टी पुरेल, हे २००५ च्या कायद्याने नेमलेला स्वतंत्र आयोग ठरवतो. पिण्याच्या पाण्याची शुद्धता वेगळा नियामक पाहतो आणि नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर पर्यावरण संस्थेचे लक्ष असते. २०११ मध्ये तर ग्राहकांचा एक मंच नेमला गेला आणि पुढच्या वर्षांचा आराखडा व दर यांवर त्याने स्कॉटिश वॉटरशी समोरासमोर बसून वाटाघाटी केल्या.

नुसता नियामक असून भागत नाही, हेही मला मान्य आहे. इंग्लंडमधल्या कंपन्यांवर आज ६० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे, नद्यांत मैलापाणी सोडल्यावरून तिथे लोक संतापले आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ऑफवॉटच गुंडाळण्याचे जाहीर केले. मालकी कोणाची आणि तपासणी कोणाची, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरे द्यावी लागतात.

आता आपल्याकडचे पाहा. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. हे प्राधिकरण शेती, उद्योग आणि पिण्याच्या पाण्याचे ठोक जलदर, म्हणजे धरणातून एकगठ्ठा घेतलेल्या पाण्याचे दर, ठरवते. मात्र कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचे याचा अंतिम अधिकार २०११ च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय धरणातले पाणी नगरपालिकेच्या हाती पडले की प्राधिकरणाचे काम तिथेच संपते. पुढे घराघरांतल्या नळाची पाणीपट्टी ठरवणारी, पाणी पुरवणारी आणि तक्रार ऐकून घेणारी संस्था एकच. आमच्या सोसायटीत दोन वर्षे पाणी कमी दाबाने येत होते. ज्या कार्यालयाच्या कारभाराविषयी आमची तक्रार होती, तिचा निवाडाही त्याच कार्यालयाने केला. अर्जावर 'पाहणी केली, दोष आढळला नाही' असा शेरा आला, आणि त्यावर दाद मागायला दुसरी जागाच नव्हती. मैलापाण्याचे तर याहून वाईट, कारण ते कुठे जाते हे विचारणाराही सहसा कोणी नसतो.

चांगले काम आपल्याकडे होतच नाही, असे मात्र मुळीच नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघरी जलमापक बसवले, जास्त वापराला चढता दर लावला आणि चोवीस तास पाणी दिले. एवढ्या छोट्या गावाने ते करून दाखवले, म्हणूनच तुझ्या समितीकडून मला आशा आहे.

पहिल्या बैठकीत तू एवढेच माग: पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांचा जमाखर्च सर्वसाधारण खात्यातून वेगळा काढावा, गळतीचे आणि पाणी तपासणीचे आकडे दर महिन्याला फलकावर लावावेत, आणि तक्रारींवर निर्णय देणाऱ्या समितीत पाणी विभागाचा माणूस नसावा. यांतल्या कशालाही नवा कायदा लागणार नाही. गेल्या तीन वर्षांचे अंदाजपत्रक मिळाले तर मला पाठव. मी आकडे लावून बघतो आणि कुठे काय विचारायचे ते पुढच्या पत्रात लिहितो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर