नवमी-दशमी मी घरी

वेंगुर्ला,
भाद्रपद वद्य चतुर्थी, रात्र

ती. आई-बाबांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतोच, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणणार. फोनवर मी मुद्द्याला आलो की बाबा "हं, हं" करून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलास काय?" पासून सुरू करते. मुद्दा राहतोच. शिवाय रागावलेल्या माणसाला फोन ठेवता येतो, पत्र मात्र उघडलं की वाचावंच लागतं. तेव्हा चष्मा लावा, पलंगावर टेकून बसा. मोठं आहे.

आधी मुद्दा. होडीत अर्धा हिस्सा मी घेतला. पैसे दिले, कागद झाला. बेळगावला उद्यमबागेत परत येऊन लेथवर उभं राहायचं आता माझ्याकडून होणार नाही. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असता, आणि त्या तीन शब्दांनंतर मला काहीच बघता आलं नसतं. दोन्ही मशीन विकू नका. भाड्यानं द्या, ते पैसे तुमचे तुम्हाला.

बाबा, धंदा कशाच्या भरवशावर, हा तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या वर्कशॉपात फळा असायचा ना, कुठला जॉब कुठल्या मशीनवर, कधी उतरणार? तसाच फळा माझ्या खोलीत आहे. फक्त वर वारांच्या जागी तिथी लिहिल्यात. लोकांना गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, कधी न्यायचं, कुठे न्यायचं, किती वाजता परत फिरायचं, सगळं महिनाभर आधी ठरतं. शनिवारी रात्री टिळकवाडीतून कुणाचा तरी फोन येतो, "उद्या रविवार आहे, चार जण येतो." मी सरळ नाही म्हणतो. रविवार माणसांना असतो, चोणक माशाला नसतो.

आई, हे गणित तुला बाबांपेक्षा लवकर कळेल, कारण त्याचं पुस्तक तुझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण भरतीची वेळ. आज चतुर्थी, चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं होतं. अष्टमीला सहा. अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, म्हणून छापील तक्ता मी बघतोच. होडी चालवणारे आमचे तांडेलकाका बघत नाहीत, बोटांची पेरं मोजून सांगतात आणि माझ्यापेक्षा कमी चुकतात.

आता तुझ्या कामाचं. चंद्र उगवतो ना, त्याच्या तासभर अलीकडे-पलीकडे या किनाऱ्यावर पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. म्हणजे संकष्टीला तू कॅलेंडरात चंद्रोदय बघतेस, तो माझ्या ओहोटीचा आकडा. आत्ता तू गच्चीवर जाऊन ढगांना शिव्या घालत असशील आणि इथे समोरची खाडी अर्धी उघडी पडली आहे, कुर्ल्या धरायला पोरं बॅटरी घेऊन चिखलात उतरली आहेत. इतकी वर्षं तू उपाशी चंद्राची वाट बघायचीस, तेव्हा मी हसायचो. आता मीही त्याच चंद्रावर पोट भरतो.

तुम्हाला भीती वाटते ती लाटांची. ती असू दे, मलाही आहे. पण होडी उलटते ती बहुतेक खोल समुद्रात नाही, खाडीच्या तोंडाशी. तिथे वाळूचा दांडा असतो. उधाणाच्या ओहोटीला त्यावर गुडघाभर पाणी उरतं, आतून खाडी जोरात बाहेर पडत असते आणि बाहेरून लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडली की लाट उभी राहते, भिंतीसारखी. म्हणून अमावास्येला पहाटे पाचला कितीही सुंदर वाटलं तरी आम्ही निघत नाही. सात वाजता, पाणी चढायला लागलं की निघायचं आणि दांड्यावर भरपूर पाणी असतानाच परत आत यायचं. निघताना तांडेलकाका दांड्याच्या अलीकडे इंजिन मंद ठेवून उभे राहतात आणि नुसते बघतात. दहा मिनिटं, कधी वीस. गिऱ्हाईक चुळबुळायला लागतं, "काय झालं? बंद पडलं काय?" काका बोलत नाहीत. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्यानं येतात, त्या जाऊ देतात आणि मग मागच्या सपाट पाण्यावरून एका दमात बाहेर. बाबा, तुम्ही लेथवर कट घ्यायच्या आधी मशीन नुसतं फिरवून आवाज ऐकायचात, अगदी तसं. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा तुमचीच आठवण झाली, आणि तेव्हाच ठरलं की या माणसाबरोबर हिस्सा घ्यायचा.

वाऱ्याचं म्हणाल तर सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो, तोवर पाणी तेलासारखं असतं. अकरा-बारा वाजले की समुद्रावरचा वारा फिरतो आणि पांढरे फेस दिसायला लागतात. त्याआधी आम्ही जेटीला. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून लाटांचा अंदाज रोज येतो, किती उंच आणि किती सेकंदांनी एक. उंचीपेक्षा मला सेकंदांची धास्ती. इथे वाऱ्याची झुळूक नसते, पण दूर दक्षिणेच्या समुद्रात उठलेल्या लाटा चौदा-पंधरा सेकंदांच्या अंतरानं येतात, खडकावर चढतात आणि उभ्या माणसाचे पाय ओढतात. असा आकडा दिसला की होडीही नाही आणि खडकावरून गरवणंही नाही, आगाऊ पैसे परत.

जून-जुलैत सरकारी बंदी असते, १ जून ते ३१ जुलै. त्यानंतर नारळी पौर्णिमा. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी गढूळ, खाडीच्या तोंडाशी तांबोशी आणि चोणक. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं, पण या दिवसांवर मी डोळे मिटून विश्वास टाकत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, २०१७ च्या डिसेंबरात ओखी, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार. मे महिनाही भरवशाचा नाही, २०२१ चं तौक्ते बाबांनी टीव्हीवर दिवसभर बघितलं होतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मी घरात. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा खरा आमचा काळ. तो का सांगतोय ते पुढे येईलच.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. फाल्गुनातली ती रात्र. तेव्हा मी अजून हिशेब धरत नव्हतो, अंधाऱ्या पंधरवड्यात जाळ्याच्या होडीवर हौसेनं जायचो. चांदणं असलं की जाळं माशाला दिसतं, म्हणून ती काळोखाची रात्र धरली होती. रेंज नव्हती. साडेसहाला जेटीवर आलो, फोन खिशात थरथरायला लागला तो थांबेचना. सतरा मिस्ड कॉल. त्यातले अकरा आईचे. समोरच्या अक्कांनी रिक्षा आणली, दवाखान्यात सही त्यांनी केली. मी आंबोली घाट कसा चढलो मला आठवत नाही. तुम्ही दोघांनी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून हे ठरवलंय. रात्रीचं जाणं बंद, कायमचं. आणि दर पंधरवड्याची नवमी-दशमी माझी नाही, तुमची. का तीच? सगळ्यात मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तसाच भांगही, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात लहान असते तो काळ, अष्टमी उलटल्यावर लागतो. तेव्हा पाणी जेमतेम हलतं. खोटं कशाला बोलू, भांगाला धंदा नसतो असं नाही. पाण्याला ओढ कमी म्हणून नांगर धरतो, शिसं तळाला टिकतं, खडकातली तांबोशी आणि गोबरा याच दिवसांत चांगला बसतो. तांडेलकाकांनी तोंड वाकडं केलंच. पण फळ्यावर त्या दोन खान्यांत मी "शहापूर" लिहून ठेवलंय. अष्टमीला दुपारी निघालो की आंबोली, चंदगड फाटा, शिनोळी करत दिवेलागणीला दारात. म्हणजे आई, तुला आता "कधी येतोस?" विचारायचं कारण नाही. कॅलेंडर बघायचं.

आणि दुसरं. दिवाळी झाली की कार्तिक शुद्ध दशमीला तुम्ही दोघं माझ्याबरोबर इकडे यायचंय, ते महाशिवरात्रीपर्यंत. बेळगावातली थंडी बाबांच्या छातीला चालत नाही, डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते. "लोकांच्या घरात" असं म्हणू नका, घर भाड्यानं घेतलंय, किल्ली माझ्या खिशात आहे. तळमजला, पायरी एकच, तिच्याजवळ पाइप बसवून घेतलाय धरायला. संडास खुर्चीचा. गीझर आहे. आईसाठी ओटा दोन इंच खाली करून घेतला, गवंडी हसत होता, हसू दे. अंगणात वृंदावन आहे, तुळशीचं लग्न इथेच लावायचं. उकड्या तांदळाचा भात तुला जात नाही हे माहीत आहे, आपला बेळगावचा बासमती वीस किलो आणून ठेवीन. 'तरुण भारत' इथेही मिळतो, बाबांना सकाळी चहाबरोबर पेपर हवा तो मिळेल. जिल्ह्यात दवाखाने आहेत आणि मोठं काही लागलं तर गोव्याचं बांबोळीचं इस्पितळ दोन तासांच्या आत. कपिलेश्वराची सोमवारची वारी चुकेल, तेवढी मात्र माझ्यापाशी सोय नाही.

बाबा, तुम्हाला होडीत नेणार नाही, घाबरू नका. जेटीवर मात्र खुर्ची टाकीन. राकसकोपला तुम्ही मला लूनावर पुढे उभं करून न्यायचात. कणकेच्या गोळ्यात हळद कालवायचात, मी ती गुपचूप खायचो आणि गळाला लावायला उरायचीच नाही. तुम्ही रागावायचा नाहीत, नुसतं म्हणायचात, "हात गप्प ठेव." तेवढंच शिकलो बघा तुमच्याकडून, बाकी सगळं तांडेलकाकांकडून. अजूनही मासा पहिली टोच मारतो तेव्हा मनगटात तुमचा आवाज येतो. आणि शिरोड्याला पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा आईनं माझ्या चड्डीचा पट्टा मागून धरला होता, पाणी पन्नास पावलं लांब असताना. मला वाटतं तो पट्टा अजून तिनं सोडलेला नाही.

आता मी सांगतो ते नीट ऐका, दोघांनी.

बाबांची रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. पाण्याचा कॅन उचलायचा नाही. पोटमाळ्यावर चढायचं नाही, वरचा मोठा डबा मी आलो की काढीन. वर्कशॉपात जायचं असेल तर रिक्षानं, तेही चहाला, मशीनला हात न लावता. लोणचं आठवड्यातून एकदा, आई, एकदा म्हणजे एकदाच. तू स्वतःच्या गुडघ्यांचं औषध पिशवीत ठेवून विसरतेस, मला माहीत आहे, मागच्या दशमीला पिशवी उघडून बघितली. पितृपक्षात सगळ्यांचं करत बसशील, दोन भाज्या कमी केल्यास तर कुणी पितर परत जाणार नाहीत. सगळे रिपोर्ट, त्या रात्रीचा ईसीजीसुद्धा, निळ्या फायलीत घालून ठेवा.

टीव्हीशेजारी भिंतीवर दोन नंबर लिहून ठेवा, मोठ्या अक्षरांत. एक तांडेलकाकांच्या घरचा, तो फोनवर देतो, तिथे कायम कुणीतरी असतं. दुसरा कोस्ट गार्डचा, १५५४. तो लावायची वेळ येणार नाही, पण आईला नंबर दिसला की झोप लागते हे मी गेल्या महिन्यात बघितलंय. कितीही उशीर झाला तरी होडी दुपारी एकपर्यंत जेटीला लागते. दीडपर्यंत माझा फोन आला नाही तर काकांच्या घरी लावायचा, दीडच्या आधी नाही. आई, दीडच्या आधी नाही.

आता समोर नारळांच्या मागून चंद्र वर आलाय, लालसर, किंचित चेपलेला. तिकडेही दिसला असेल. आता जेव. मोदक किती केलेस ते बाबांना विचारणार नाही, ते खोटं सांगतात.

येत्या अष्टमीला अंधार पडायच्या आत पोचतो. येताना मुडदुशी आणतो, बाबांना तळून नाही, कमी तेलात. फाटकाची कडी काढून ठेवा, मागच्या वेळी भिंतीवरून उडी मारावी लागली.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, हिस्सा किती रुपयांना घेतला ते पत्रात लिहिलेलं नाही. समोर बसून सांगीन, तुमची संध्याकाळची गोळी झाल्यावर.