पासवर्ड ‘1111’

संपादक महोदय,

नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलिक्विपाच्या पाणीपुरवठ्याच्या बूस्टर (पाण्याचा दाब वाढवणाऱ्या) केंद्रातला युनिट्रॉनिक्स कंपनीचा पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) हॅकरांनी ताब्यात घेतला. यंत्र थेट इंटरनेटवर, नेहमीचा पोर्ट (नेटवर्कवरचे जोडणीचे दार) 20256, कारखान्यातून येणारा पासवर्ड ‘1111’. याला घरफोडी तरी कसे म्हणायचे? कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालवली म्हणून निभावले.

आपल्याकडच्या नळयोजनांतही पीएलसी आहेत. ठेकेदाराचे शेवटचे बिल काढण्यापूर्वी पासवर्ड बदलून घ्यावा, पीएलसीला सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून कुणालाही गाठता येणारा पत्ता) देऊ नये, दुरून जोडणी व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खासगी मार्गानेच) असावी. साधा मॉडबस (यंत्रांची एकमेकांशी बोलण्याची पद्धत, पोर्ट 502) तर पासवर्ड विचारतच नाही. तिथे फायरवॉलला (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेला) पर्याय नाही. प्रोग्रामची प्रतही कार्यालयात जपून ठेवावी, नाहीतर पीएलसी पुसला गेल्यावर ठेकेदाराला शोधत फिरावे लागते.

– एक इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता, सांगली